क्रेफिशची मरतूक : साथीचा उगम शोधताना डीएनए कुठपर्यंत साथ देतो

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावाजवळच्या नदीत पांढऱ्या नांगीचे स्थानिक क्रेफिश (गोड्या पाण्यातले शेवंडीसारखे प्राणी) मोठ्या संख्येने मेलेले आढळले आणि प्रयोगशाळेने ‘क्रेफिश प्लेग’ असल्याचे कळवले. नदीत या रोगाचा वाहक असलेला अमेरिकी क्रेफिश कोणी कधी पाहिलेला नाही, आणि गावात सगळा दोष बाहेरून गळ टाकायला येणाऱ्यांच्या माथी मारला जात आहे. ही साथ कुठून आली हे डीएनए तपासणीतून कळेल का, आणि ती कोणी आणली हेही कळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. रोगजंतूचा वाण कोणत्या गटातला आहे, तो मुळात कोणत्या अमेरिकी जातीबरोबर युरोपात आला असावा आणि नदीच्या साधारण कोणत्या टप्प्यात तो शिरला, हे चांगले नमुने वेळेत हाती आले तर बऱ्याच खात्रीने सांगता येते. तो कोणाच्या बुटाला, जाळ्याला किंवा होडीला चिकटून आला हे मात्र डीएनए सांगू शकत नाही. तसे ते सांगते असा समज एकदा पसरला की तपासाचेच नुकसान होते, कारण ज्यांच्याकडून माहिती मिळायची तेच लोक गप्प बसतात.

भारतात गोड्या पाण्यातले क्रेफिश नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत, म्हणून इथल्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. लहानशा शेवंडीसारखा दिसणारा, वीतभरही लांब नसलेला हा प्राणी दगडांखाली आणि काठावरच्या बिळांत राहतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. त्याचा घात करणाऱ्या रोगजंतूचे नाव ॲफॅनोमायसिस ॲस्टासाय. त्याला सरसकट बुरशी म्हटले जाते, पण तो खऱ्या बुरशींपैकी नाही. बटाट्यावरचा करपा, ज्याने १८४५ नंतर याच आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला, आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा डाऊनी रोग ज्या ऊमायसीट गटातले आहेत, त्याच गटातला हा जीव आहे. त्याचा एक सख्खा भाऊबंद, ॲफॅनोमायसिस इन्वेडन्स, १९८८ मध्ये भारतात शिरला आणि मरळीसारख्या माशांच्या अंगावर व्रण पाडणारी साथ त्याने देशभर पसरवली. क्रेफिशचा रोगजंतू माशांना काही करत नाही. त्याला जगायला मुख्यतः क्रेफिशच लागतो, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

या रोगाची युरोपातली पहिली मोठी मरतूक १८५९ मध्ये उत्तर इटलीत, लोम्बार्डीत नोंदली गेली. १८७० च्या दशकात तो फ्रान्स आणि जर्मनीत पोहोचला, १८९३ मध्ये फिनलंडमध्ये, १९०७ मध्ये स्वीडनमध्ये. कारण काय, यावर तोपर्यंत वाद चालू होता; जर्मन संशोधक शिकोरा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगजंतूला नाव दिले आणि मरतुकीशी त्याचा संबंध जोडला. उत्तर अमेरिकी क्रेफिश हा रोगजंतू आपल्या कवचात वागवतात आणि सहसा धडधाकट राहतात, हे कळायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. दरम्यान, मेलेल्यांची जागा भरून काढण्यासाठी त्याच अमेरिकी जाती युरोपात आणल्या जात होत्या. काटेरी गालाचा क्रेफिश १८९० मध्ये आजच्या पोलंडच्या हद्दीतल्या एका तळ्यात सोडला गेला. सिग्नल क्रेफिश १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातून स्वीडनमध्ये आणि १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आला. लाल दलदली क्रेफिश १९७३ मध्ये लुइझियानातून स्पेनमध्ये. यातली प्रत्येक आयात आपापला वाण घेऊन आली. उगमाचा शोध आज शक्य होतो तो याच कारणाने.

आयर्लंडची परिस्थिती या सगळ्यांत वेगळी आहे. १९८० च्या दशकात वेस्टमीथ परगण्यातल्या काही तळ्यांतून क्रेफिश नाहीसे झाले आणि तेव्हा याच रोगाचा संशय घेतला गेला. त्यानंतर २०१५ मध्ये कॅव्हन परगण्यातल्या ब्रस्की नदीत साथ प्रयोगशाळेत पक्की झाली, आणि २०१७ मध्ये शूर, डील, बॅरो आणि लोरा या नद्यांतून बातम्या आल्या. ब्रस्कीचे पाणी एर्न खोऱ्यातून वायव्येला जाते, डील शॅननच्या खाडीला मिळते, शूर आणि बॅरो दक्षिणेला वॉटरफर्डजवळ खाऱ्या-मचूळ पाण्यात एकत्र येतात. म्हणजे रोगजंतू एका नदीतून दुसऱ्या नदीत पोहत गेला, असे म्हणायला जागा नाही. त्या वेळी देशातल्या नद्यांत अमेरिकी क्रेफिश वसल्याची नोंदही नव्हती. अशा ठिकाणी माणसाच्या हालचालीवर संशय जाणे रास्तच आहे. पण माणसाची हालचाल म्हणजे केवळ गळ टाकणारे नव्हेत.

आता तपास कसा चालतो ते पाहू. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : हा रोग आहे की विष? घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग पुढचे सगळे भरकटते. पाण्यात प्राणवायू कमी पडला किंवा शेणमिश्रित सांडपाणी सुटले तर मासेही मरतात. मेंढ्यांच्या गोचीड-उवांसाठी वापरतात ते सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक पाण्यात उतरले तर मासे बहुधा वाचतात, पण क्रेफिशबरोबर दगडाखालच्या जलकीटकांच्या अळ्या आणि गॅमेरस नावाचे झिंग्यासारखे छोटे जीवही नाहीसे होतात. प्लेगमध्ये मरतात ते फक्त क्रेफिश. त्याच दगडाखाली गॅमेरस आणि अळ्या ठणठणीत असतात. म्हणून मेलेला क्रेफिश उचलण्याआधी शेजारचे चार दगड उलटून पाहणारा माणूस मला महागड्या उपकरणांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. विषबाधेची मरतूक एका ठिकाणापासून खाली एकाच वेळी दिसते आणि थांबते. साथ मात्र आठवडे-महिने सरकत राहते.

आजारी क्रेफिशची वागणूकही बोलकी असते. रात्री फिरणारा प्राणी दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, काठीच्या पायांवर चालल्यासारखा ताठ चालतो, उचलल्यावर शेपटीचा झटका देत नाही आणि शेवटी उताणा पडतो. असा मरणासन्न प्राणी हा सर्वांत उत्तम नमुना. मेल्यावर एक-दोन दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात, त्याच्यावर सॅप्रोलेग्नियासारख्या सामान्य जलबुरशी इतक्या माजतात की मूळ रोगजंतू वेगळा वाढवणे जवळजवळ अशक्य होते. डीएनए मिळते, पण तेही तुटके आणि थोडे.

प्रयोगशाळेत आम्ही शेपटीच्या खालच्या बाजूचे मऊ, पारदर्शक कवच नखाएवढे कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवतो. निरोगी कवच स्वच्छ दिसते. आजारी कवचात, जणू काचेच्या आत, सात ते नऊ मायक्रॉन जाडीचे, आडवे पडदे नसलेले, गोल टोकांचे तंतू फांद्या फोडत गेलेले दिसतात, आणि काहींच्या भोवती तपकिरी वेष्टण असते. हे वेष्टण म्हणजे प्राण्याने स्वतःच्या बचावासाठी रोगजंतूभोवती घातलेला मेलॅनिनचा वेढा. अमेरिकी जातींत हा वेढा वेळेवर पडतो आणि तंतू कवचातच कोंडले जातात. युरोपीय जातींत तो उशिरा आणि अपुरा पडतो, तोवर तंतू आतल्या स्नायूंत आणि मज्जातंतूंत पोहोचलेले असतात. तीव्र साथीत हे तपकिरी डाग दिसतही नाहीत, म्हणून डाग नाहीत एवढ्यावरून प्लेग नाकारू नये. मग पायांचे सांधे, डोळ्यांचे देठ आणि हेच मऊ कवच यांतून डीएनए काढून पीसीआर (थोड्याशा डीएनएच्या असंख्य प्रती काढून ओळख पटवणारी चाचणी) केले जाते. इथेही एक खाचखळगा आहे. २०१९ मध्ये फिनलंडमधून ॲफॅनोमायसिस फेनिकस ही नवी जात वर्णिली गेली, जी निरुपद्रवी वाटते पण प्रचलित चाचण्यांत खोटा होकार देऊ शकते. म्हणून नव्या नदीतला पहिला होकार डीएनएचा क्रम वाचून पक्का केल्याशिवाय जाहीर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

रोग पक्का झाला की वाण पाहायचा. १९९४ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी या रोगजंतूचे गट प्रथम वेगळे केले. पुढच्या वर्षांत त्यांत भर पडून आज पाच मुख्य गट मानले जातात. ‘ए’ गट स्थानिक युरोपीय क्रेफिशांतून मिळाला आणि तो एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या लाटेचा अवशेष समजला जातो. ‘बी’ आणि ‘सी’ सिग्नल क्रेफिशशी, ‘डी’ लाल दलदली क्रेफिशशी आणि ‘ई’ काटेरी गालाच्या क्रेफिशशी जोडलेले आहेत. ‘डी’ गट इतरांपेक्षा उबदार पाण्यात तग धरतो. सुरुवातीच्या पद्धतीला रोगजंतू शुद्ध स्वरूपात वाढवलेला लागत असे, आणि तो वाढवणे हेच मोठे जिकिरीचे काम असल्याने असंख्य साथी अनुत्तरित राहिल्या. २०१४ पासून सूक्ष्म-उपग्रह खुणांची (डीएनएत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची) पद्धत आली, जी थेट आजारी ऊतीतल्या मिश्र डीएनएवर चालते. त्यामुळे फ्रीजरमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये पडून राहिलेल्या जुन्या नमुन्यांनाही बोलते करता आले. नंतर मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, डीएनएवरची पद्धत रूढ झाली. ती कमी डीएनएवर भागते, पण तिच्यात ‘ए’ आणि ‘सी’ एकाच खणात पडतात. तेव्हा अहवाल हाती आल्यावर नुसता गट वाचू नका. तो कोणत्या पद्धतीने ठरवला हे विचारा.

हा गट म्हणजे रोगजंतूचे आडनाव आहे, पत्ता नव्हे. रोगजंतू युरोपात अलैंगिक पद्धतीने वाढतो, त्यामुळे एका गटातले वाण शेकडो मैलांच्या अंतरावरही जवळजवळ एकसारखे असतात. तुमच्या नदीत ‘बी’ गट मिळाला तर तो ब्रिटनमधून आला असू शकतो, स्वीडनमधून, किंवा देशातल्याच आधी बाधित झालेल्या दुसऱ्या नदीतून. आणि त्यांतले कुठले खरे हे केवळ गटावरून ठरत नाही. दोन नद्यांत वेगवेगळे गट निघाले, तर मात्र एक निष्कर्ष भक्कम मिळतो : या दोन साथी एकमेकींपासून लागलेल्या नाहीत. या कामात नकारार्थी पुरावा होकारार्थी पुराव्यापेक्षा जास्त बळकट असतो, आणि अनुभवी माणसे प्रथम त्याच्याच मागे लागतात.

गट आणि यजमान जात यांचे नातेही अतूट नाही. शोभेच्या मत्स्यालयांत अनेक अमेरिकी जाती एकत्र ठेवल्या जातात आणि तिथे एका जातीचा वाण दुसरीला लागू शकतो. जर्मनी आणि चेकियातल्या मत्स्यालय व्यापारातल्या क्रेफिशांत हा रोगजंतू सापडलेला आहे. जवळपास लाल दलदली क्रेफिश नसताना थंड पाण्याच्या ओढ्यात ‘डी’ गट निघाला, की कोणी पाळलेला प्राणी सोडून दिला का किंवा टाकीचे पाणी ओतले का, ही शक्यता तपासावी लागते. याउलट फिनलंडमध्ये ‘ए’ गट स्थानिक क्रेफिशांतच मंद स्वरूपात वर्षानुवर्षे टिकून राहिल्याची उदाहरणे आहेत. तिथे नव्या साथीचा उगम परदेशात शोधण्याआधी वरच्या तळ्यातल्या, निरोगी वाटणाऱ्या आपल्याच प्राण्यांत शोधावा लागतो. याहूनही मागे जायचे तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या रोगजंतूची सर्वाधिक विविधता अमेरिकेच्या आग्नेय भागात दाखवली, म्हणजे त्याचे मूळ घर बहुधा तेच. त्या विविधतेतला फारच थोडा भाग आजवर युरोपात पोहोचला आहे. नवी आयात होऊ न देण्याचा आग्रह आम्ही धरतो तो त्यामुळेच.

प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे नदीचा नकाशा. रोगजंतूचे चलबीजाणू पाण्यात पोहतात आणि प्रवाहाबरोबर झपाट्याने खाली जातात. वरच्या दिशेने साथ चढते ती क्रेफिशांच्या आपसांतल्या संपर्काने किंवा वाहून नेणाऱ्या कुणामुळे, आणि ती संथ असते. मोठा बंधारा किंवा धबधबा असेल तर थांबतेही. म्हणून मेलेले कुठे दिसले यापेक्षा सर्वांत वरच्या बाजूला जिवंत, निरोगी क्रेफिश कुठे आहेत हे शोधणे अधिक उपयोगी. शिरकावाची जागा त्याच्या खाली, आणि बहुधा पहिल्या मेलेल्यांच्या जवळपास असते. तिथे पूल आहे, घाट आहे, होड्या उतरवण्याची जागा आहे की नाल्याचा गाळ काढणारे यंत्र उतरले होते, हे मग पाहता येते. पाण्याचे नमुनेही इथे कामी येतात. साधारण पाच लिटर पाणी काचतंतूंच्या गाळणीतून गाळून रोगजंतूचे आणि स्थानिक क्रेफिशचे डीएनए एकाच वेळी मोजले, तर जिथे दोन्ही आहेत तिथे साथ चालू आहे आणि जिथे फक्त क्रेफिशचे आहे तिथे ती बहुधा पोहोचलेली नाही, असे टप्पे पाडता येतात. नॉर्वेची देखरेख आज याच पद्धतीवर उभी आहे. मरतुकीच्या ऐन भरात पाण्यात बीजाणूंचा पूर असतो. एरवी ते इतके विरळ असतात की एका नमुन्याचा नकार हा पुरावा धरता येत नाही.

तारखेबाबत फार जपून राहावे लागते. भरपूर बीजाणू आणि उबदार पाणी असेल तर प्राणी एक-दोन आठवड्यांत मरतो. थंड पाण्यात आणि थोड्या बीजाणूंनी कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यातून पहिले मेलेले बिळांतच कुजतात किंवा पाणमांजरे खाऊन टाकतात. गावकऱ्यांच्या नजरेला मरतूक पडते तेव्हा रोगजंतू शिरून कित्येक आठवडे उलटलेले असू शकतात. ‘गेल्या रविवारी गळाची स्पर्धा झाली आणि या रविवारी क्रेफिश मेले’ हा युक्तिवाद त्यामुळे ऐकायला पटतो, पण टिकत नाही.

चौकशी करताना मागच्या दोन-तीन महिन्यांची दिनदर्शिका समोर ठेवावी आणि ओल्या वस्तू घेऊन पाण्यात कोण कोण उतरले हे कुणालाही आरोपी न करता विचारावे. गळ टाकणारे आणि कयाकवाले सगळ्यांना आठवतात. पुलाच्या दुरुस्तीचे मजूर, प्रवाहमापक तपासणारे कर्मचारी, मासे सोडायला आलेला टँकर, गाळ काढणारी यंत्रे आणि विजेच्या झटक्याने मासे मोजणारे सर्वेक्षक कोणाला आठवत नाहीत. क्रेफिशचा अभ्यास करणारे आम्ही लोकही त्याच यादीत आहोत. एका दिवसात दोन खोऱ्यांत काम करणाऱ्या अभ्यासकाच्या ओल्या बुटांतून रोगजंतू सहज जाऊ शकतो, म्हणून आमच्या नोंदवह्या इतरांआधी उघडल्या गेल्या पाहिजेत. तुमच्या गावात गळ टाकणाऱ्यांना दोष देणाऱ्यांना एवढेच सांगा की त्यांच्याविरुद्ध आज कोणताही विशिष्ट पुरावा नाही, आणि मरतूक सर्वांत आधी पाहण्याची संधी असते तीही त्यांनाच.

तुम्ही स्वतः काय करावे? नदीत उतरू नका. तारीख, नेमकी जागा, शेजारच्या दगडांखालचे जीव जिवंत होते का, आणि छायाचित्रे एवढे नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला कळवा. हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे परवानगीशिवाय जिवंत प्राणी हाताळू नका. नमुना घ्यायला सांगितले तर तो लगेच तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा, पाण्याच्या बादलीत नव्हे. बूट, जाळी आणि दोऱ्या नीट घासून, शक्य असेल तिथे गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरड्या होईपर्यंत वाळवा. साठ अंश तापमानाला पाच मिनिटांत रोगजंतू मरतो आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. आयर्लंडच्या ओल्या हवेत बुटाचा तळ कोरडा व्हायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, एवढे ध्यानात असू द्या.

उगम शोधण्याचा खरा उपयोग दोषी पकडण्यात नाही, तो पुढच्या निर्णयात आहे. रोगजंतू क्रेफिशशिवाय फार काळ जगत नाही. साथ ओल्या सामानातून एकदाच आली असेल आणि नदीतला शेवटचा बाधित प्राणी मेला असेल, तर रोगजंतूही तिथून संपतो आणि स्थानिक क्रेफिश पुन्हा सोडता येतात. नॉर्वेत ग्लोमा नदीत १९८७ च्या साथीनंतर असे प्रयत्न झाले. पण वरच्या एखाद्या खासगी तळ्यात कोणी अमेरिकी क्रेफिश ठेवले असतील, तर ते निरोगी दिसत राहून पुनःपुन्हा बीजाणू सोडतील आणि सोडलेली प्रत्येक पिढी मरेल. म्हणून तुमच्या नदीचा गट कळल्यावर पुढचे पाऊल असे असावे : खोऱ्यातली तळी आणि डबकी वाहकांसाठी तपासावीत, मरतूक थांबल्यानंतर स्वच्छ ठिकाणचे मोजके क्रेफिश पिंजऱ्यांत घालून वेगवेगळ्या टप्प्यांत ठेवावेत, आणि पाणी उबदार असलेला किमान एक पूर्ण हंगाम ते जगले तरच पुनर्वसनाची परवानगी मागावी.